मुलांचे बागकाम संच: वर्गासाठी घेण्याआधी खोका उघडून पाहू

पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी म्हणून ऑनलाइन विकले जाणारे बागकाम संच बहुतेक एकाच साच्यातले असतात. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या दाबलेल्या भुशाच्या, पाच-सहा चकत्या, चार इंची कुंड्या, बियांची पाच-सहा पाकिटं, प्लास्टिकची तीन अवजारं, फवारणीची बाटली, नावाच्या पाट्या आणि एक रंगीत पुस्तिका. विकणारा बदलतो, खोक्यावरचं चित्र बदलतं, आतला माल फारसा बदलत नाही. म्हणून इथे कुठल्या एका ब्रँडचं नाही, तर या प्रकाराचंच परीक्षण केलं आहे. आणि ते घरातल्या एका मुलासाठी नाही, तर तीस मुलांच्या वर्गासाठी.

कसोटी एकच ठेवली आहे: या सामानातून मुलांना बी ते बी असा पूर्ण फेरा पाहायला मिळतो का? बी उगवलं, दोन पानं आली, मुलं हरखली, आणि तिसऱ्या आठवड्यात रोप मान टाकून बसलं, तर मुलांच्या मनात एवढंच राहतं की आपल्या हाताला झाड लागत नाही. बहुतेक संच पहिल्या दहा दिवसांसाठी उत्तम आहेत. त्यापुढे काय होतं याचा विचार खोका भरणाऱ्याने केलेला दिसत नाही.

आधी बिया. पाकिटं उलटी करून मागची बाजू वाचावी. रीतसर बियाण्याच्या पाकिटावर वाण, लॉट क्रमांक, उगवणक्षमता, तपासणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. संचातल्या चिमुकल्या पाकिटांवर पुष्कळदा भाजीचं चित्र आणि ‘नॉन-जीएमओ’ एवढंच असतं. भारतात जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं, पीक म्हणून व्यावसायिक लागवड होते ती बीटी कापसाची, त्यामुळे टोमॅटोच्या पाकिटावरच्या त्या शब्दाने काहीच कळत नाही. तारीख मात्र हवीच. तारीख नसलेलं बी वर्गात सरळ पेरू नये, आधी तपासावं.

उगवणीचं गणित वर्गात फार महत्त्वाचं ठरतं. भेंडीच्या बियाण्याला किमान ६५ टक्के उगवण असली तरी ते प्रमाणित मानतात, मिरचीला ६० टक्के. म्हणजे ‘प्रत्येक मुलाला एक बी’ असा बेत केला तर भेंडीच्या तीस कुंड्यांपैकी दहा-अकरा रिकाम्या राहणार, आणि त्या दहा-अकरा मुलांची काही चूक नसताना त्यांचा हिरमोड होणार. एका कुंडीत दोन बिया टाकल्या तर रिकाम्या कुंड्या तीन-चारवर येतात, तीन टाकल्या तर जेमतेम एक. संचातल्या पाकिटात दहा-बाराच बिया असतील, तर तो संच वर्गासाठी नाही हे इथेच ठरतं.

मे-जूनमध्ये शेतकरी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरच्या घरी उगवण तपासतात. तीच तपासणी तिसरी-चौथीच्या मुलांकडून करून घ्यावी. ओल्या सुती फडक्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत चवळीचे दाणे मांडायचे, सैलसर गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, फडकं ओलसर राहील एवढंच पाणी शिंपडायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी मोड आलेले दाणे मोजायचे. शंभरापैकी अठ्ठ्याऐंशी उगवले, तर उगवण ८८ टक्के. टक्केवारी शिकवायला याहून चांगलं साधन आमच्या माहितीत नाही. कुजलेले, बुरशी धरलेले आणि तसेच कडक राहिलेले दाणे वेगळे काढून मुलांना हाताळू द्यावेत. तिन्हींची कारणं वेगळी असतात: एखादा दाणा आधीच मेलेला, एखाद्याला जास्त पाणी झालेलं, एखाद्याच्या टणक सालीतून पाणीच शिरलेलं नसतं.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी. गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगात घोळलेल्या बिया पाकिटातून निघाल्या, तर त्यांना बहुधा बुरशीनाशक लावलेलं असतं. अशा बिया लहान मुलांच्या हातात देऊ नयेत. आणि काही संचांत ‘बीन्स’ म्हणून राजमा असतो. कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, आणि पहिलीतलं मूल दाणा तोंडात घालणारच. त्याच्या जागी चवळी घ्यावी.

पिकांची निवड हा या संचांचा सर्वांत कच्चा भाग आहे. लेट्यूस, बेझिल, चेरी टोमॅटो, सूर्यफूल ही यादी थंड हवेच्या देशांतून जशीच्या तशी आलेली आहे. चार इंची कुंडीत जेमतेम पाऊण लिटर माती मावते. टोमॅटोच्या एका झाडाला पंधरा-वीस लिटर लागते. त्या कुंडीत टोमॅटो उगवतो, वीतभर वाढतो, पिवळा पडतो आणि थांबतो. त्या कुंडीला शोभणारी पिकं म्हणजे मेथी आणि लाल माठ. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत खुडता येते. माठाचं बी खसखशीएवढं बारीक असतं. ते चिमूटभर घेऊन चार चिमटी कोरड्या वाळूत मिसळून पेरलं नाही, तर एकाच जागी शंभर रोपं गर्दी करतात. कोथिंबीर दिलेली असेल तर एक माहिती पुस्तिकेत हमखास नसते: धणा हे दोन बियांचं फळ आहे. लाटण्याने हलकं रगडून त्याची दोन दळं वेगळी केली नाहीत, तर उगवण रेंगाळते आणि मुलांचा धीर सुटतो. रगडलं तरी आठ ते पंधरा दिवस लागतातच, हे आधी सांगून ठेवावं.

आता कोकोपीट. हलकं, स्वच्छ, वर्गात सांडलं तरी झाडून घेता येणारं, आणि पाणी ओतताच फुगणारी चकती पाहून मुलं खूश. ६५० ग्रॅमच्या विटेला तीन-चार लिटर पाणी लागतं आणि आठ-नऊ लिटर भुसा तयार होतो. मोजपट्टीने विटेची उंची आधी आणि नंतर मोजणं हा दुसरीच्या मुलांना जमणारा प्रयोग आहे. चकत्यांभोवतीची न विणलेल्या कापडाची जाळी मात्र रोप लावताना फाडून काढावी. ‘आपोआप कुजते’ असं लिहिलेलं असलं तरी ती महिनोन्‌महिने टिकते आणि मुळं आत गुंतून राहतात.

कोकोपीटच्या दोन उणिवा विक्रेते सांगत नाहीत. पहिली मिठाची. नारळाच्या सोडणात मुळातच क्षार असतात, आणि न धुतलेल्या स्वस्त विटेत ते तसेच उतरतात. पानांच्या कडा करपणं आणि कुंडीच्या वरच्या थरावर पांढरी पापडी धरणं ही त्याची खूण. उपाय सोपा आहे: भिजवून फुगवलेलं कोकोपीट जुन्या सुती ओढणीत बांधून पिळायचं, पुन्हा साध्या पाण्यात भिजवायचं, पुन्हा पिळायचं. दोनदा पुरतं. विटेवर ‘लो ईसी’ (क्षार कमी) किंवा ‘वॉश्ड’ (धुतलेलं) लिहिलेलं असेल तर एकदा.

दुसरी उणीव मोठी आहे. कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळपास काहीच नसतं, आणि मातीतले जिवाणूही नसतात. पहिले दहा-बारा दिवस रोप बीजपत्रांतल्या, म्हणजे बीच्या दोन दळांतल्या, शिदोरीवर जगतं, म्हणून सगळं छान दिसतं. शिदोरी संपली की खालची पानं पिवळी पडू लागतात. संच वापरलेल्या वर्गांत तिसऱ्या आठवड्यात झाडं मरतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि दोष मात्र ‘मुलांनी पाणी घातलं नाही’ यावर जातो.

ही उणीवच पाठ म्हणून वापरता येते. दोन डबे घ्यायचे, तीन-चार लिटरचे, बुडाला भोकं पाडलेले. एकात धुतलेलं कोकोपीट, दुसऱ्यात निम्मं कोकोपीट आणि निम्मी शेतातली माती. जिथे आदल्या वर्षी चवळी, मूग किंवा तूर होती तिथली माती मिळाली तर उत्तम. दोन्हींत चवळीचे तीन-तीन दाणे, दोन-अडीच सेंटिमीटर खोल. पंधराव्या दिवशी दोन्ही डबे सारखेच दिसतात, आणि मुलांना तेच लिहू द्यावं. महिन्याने फरक उघड होतो: कोकोपीटवालं रोप फिकट, मातीवालं गडद हिरवं. साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी दोन्हींतलं एकेक रोप मातीसकट काढून बादलीतल्या पाण्यात हळूहळू हलवत मुळं धुवायची. ओढून उपटलं तर जे पाहायचं तेच जमिनीत राहतं. मातीतल्या मुळांवर मोहरी ते मुगाएवढ्या गोल गाठी दिसतात. एक गाठ नखाने चिरली की आतून गुलाबी-लालसर निघते. तो रंग म्हणजे गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरण्याच्या कामाला लागलेले आहेत. पांढरी निघाली तर गाठ अजून कोवळी किंवा निकामी, हिरवट-करडी निघाली तर तिचं काम संपलेलं. कोकोपीटमधल्या मुळांवर गाठी बहुधा नसतातच. कडधान्याच्या पिकाने जमीन सुधारते हे घरच्या शेतकरी आजोबांचं म्हणणं मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं.

शिक्षकांसाठी एक इशारा: मुळांवरची प्रत्येक गाठ चांगली नसते. जिवाणूंच्या गाठी मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात आणि बोटाने चोळल्या की सुटतात. सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या, गाठी म्हणजे मूळच सुजलेलं असतं, त्या सुटत नाहीत. अशी माती आढळली तर ती दुसऱ्या कुंड्यांत फिरवू नये.

काही संचांत ‘ऑरगॅनिक बूस्टर’ नावाची छोटी बाटली येते. चवळीला ती देऊ नये. नायट्रोजन आयता मिळाला की रोप गाठी करायचा खटाटोप करत नाही, नुसतं पानांनी फोफावतं आणि फुलं उशिरा येतात. गांडूळखतही एक-तृतीयांशाच्या वर नको, ते याच कारणाने.

फवारणीची बाटली मुलांना सगळ्यांत प्रिय आणि बागेला सगळ्यांत निरुपयोगी. एका दाबात साधारण एक मिलिलिटर पाणी पडतं. बारा इंची ग्रो बॅगला, म्हणजे झाडं लावायच्या पिशवीला, एका वेळी लिटरभर तरी लागतं, म्हणजे हजार वेळा दाबायला हवं. होतं असं की तीस मुलं वरचा सेंटिमीटरभर थर सतत ओला ठेवतात आणि खाली मुळाशी कोरडं. रोपांची बुडं त्या ओल्या थराशी काळी-बारीक पडतात आणि रोपं एका रात्रीत आडवी होतात. याला रोप कोलमडणं म्हणतात, आणि ते घडवणारी बुरशी गर्दी, सावली आणि सततची ओल यांवरच पोसते. बाटली मेथी-माठाच्या पेरणीनंतरचे पहिले चार दिवस वापरावी, मग कपाटात ठेवावी. त्यापुढे दीड-दोन लिटरची झारी. पाच लिटरची झारी भरल्यावर सहा वर्षांच्या मुलाला पेलत नाही, पाण्याचा लोट पडतो आणि बी उघडं पडतं. नियम एकच पाळावा: बोटाचं पहिलं पेर मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. त्या दिवशी पाणी घालायची गरज नाही असं मूल स्वतः ठरवतं, तेव्हा ते खरं शिकलेलं असतं.

अवजारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्लास्टिकची फावडी कोकोपीटमध्ये चालतात, काळ्या मातीत मुठीपाशी मोडतात. लोखंडी घ्यायची तर पातं आणि मूठ एकाच पत्र्याची असलेली घ्यावी. जोड असलेली जोडावरच वाकते. आपलं साधं लहान खुरपं यांहून केव्हाही बरं, फक्त धार बोथट करून घ्यावी आणि पाच मुलांत एक द्यावं. भिंग दिलेलं असेल तर तो संचाचा जमेचा भाग समजावा. चवळीच्या फुलोऱ्याच्या दांड्यावर, फुलांच्या जोडीमधोमध, बारीक मधुग्रंथी असतात आणि मुंग्या तिथे गोड रस चाटायला येतात. भिंगातून हे स्पष्ट दिसतं. मुंग्या दिसल्या की खडू-पावडर मारायची सवय सोडावी, कारण या मुंग्या तिथे फिरतात म्हणून अंडी घालायला आलेले काही किडे बिचकतात. मुंग्या मावाही (रस शोषणारे बारीक किडे) पाळतात, हेही त्याच झाडावर दिसेल. शेंड्यावर मावा आला, की चार-पाच दिवस काही न करता पाहावं. मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आणि त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या बहुतेक येतातच. अळी सुंदर नसते, मुलं तिला ‘कीड’ म्हणून चिरडतात, म्हणून तिचं चित्र आधी दाखवून ठेवावं. मावा फारच वाढला तर पाण्याच्या जोरदार धारेने झाडावं. निमतेल फवारायचं झालं तर ते मोठ्यांनी, शाळा सुटल्यावर.

महागड्या संचांत वीस लिटरचा कंपोस्टचा डबा येतो. डबा वाईट नसतो, सोबतच्या सूचना अपुऱ्या असतात. एक भाग ओला कचरा असेल तर दोन ते तीन भाग सुका पाचोळा, हे मापाने, वजनाने नाही. पाचोळा कमी पडला की डबा चिकट होतो, कुजका वास सुटतो आणि शाळेतला शिपाई चौथ्या दिवशी तो बाहेर फेकून देतो. वास आला तर पाचोळा घालून ढवळायचं, त्यावर तोच उपाय. पांढरट-करड्या जाडसर अळ्या झाल्या तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत आणि कचरा भराभर संपवतात. गांडुळं सोडलेल्या डब्यात मात्र मध्यान्ह भोजनातली उरलेली खिचडी घालू नये, तिच्यातलं मीठ आणि तेल गांडुळांना सोसत नाही. भाज्यांची देठं, सालं आणि सांडलेला चहाचा चोथा चालतो.

पुस्तिका बहुतेक भाषांतरित असते आणि तिथे संचाचं खरं नुकसान होतं. ‘मार्चमध्ये पेरा’ हा सल्ला विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळेने पाळला तर रोपं परीक्षेच्या सुमाराला होरपळतात आणि सुट्टी लागते. आपल्याकडचं शाळेचं वर्ष आणि पावसाळा जवळपास एकत्र सुरू होतात, ही सोय कुठल्याच परदेशी पुस्तिकेत असणार नाही. जूनच्या उत्तरार्धात पेरलेली चवळी सहा-सात आठवड्यांत फुलते. फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून परिपाठ संपताच बागेत जावं. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत शेंगा वाळतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी फेरा पूर्ण. विदर्भात शाळा थोड्या उशिरा उघडतात, तरीही वेळ पुरतो. कोकणात जुलैच्या झडीत पिशव्या विटांवर, पागोळ्यांच्या बाहेर ठेवाव्यात, नाहीतर दाणे जमिनीतच सडतात. मेथी-पालक दिवाळीनंतर, थंडीत.

बागेतून शिकवणं महाराष्ट्राला नवं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली, तिच्यात हाताचं काम आणि शिकणं एकच मानलं होतं. २०१९ मध्ये केंद्राने शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. म्हणून शाळेने खोक्यावर खर्च करण्याआधी सुट्या सामानाचा हिशेब करून पाहावा.

तीस मुलांचे पाच गट, गटात सहा मुलं. प्रत्येक गटाला २४ इंच लांब, १२ रुंद आणि ९ उंच अशी एक आयताकृती ग्रो बॅग, तिच्यात चाळीस लिटरच्या आसपास मिश्रण मावतं. कापड २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) वरचं आणि यूव्ही प्रक्रिया केलेलं, म्हणजे उन्हात टिकणारं, मागावं. रोपवाटिकेच्या पातळ काळ्या पिशव्या उन्हात एका हंगामात फाटतात आणि त्यांचे तुकडे मातीत मिसळतात. मिश्रणात वीस लिटर माती, दहा-बारा लिटर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दहा लिटर कोकोपीट. पाच किलोचा कोकोपीटचा एक ठोकळा पाचही पिशव्यांना पुरून उरतो. बॅगेत दोन ओळींत मिळून सहा जागा, प्रत्येक मुलाची एक, जागेवर दोन दाणे. दोन्ही उगवले तर एक रोप कात्रीने कापायचं. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. बियाणं म्हणून किराणा दुकानातली शंभर ग्रॅम अख्खी चवळी पुरते, त्यात सातशेच्या पुढे दाणे असतात. फक्त वर सांगितलेली उगवणीची तपासणी आधी करावी.

मग खोका घ्यायचाच नाही का? घरी एक-दोन मुलं असतील, गॅलरी असेल, तर घ्यावा. पहिल्या पेरणीचा उत्साह त्याने नक्की येतो. भेट म्हणूनही चांगला. पहिलीच्या वर्गात खिडकीत मेथी उगवण्यापुरता एक संच चालेल. दुसरीपासून पुढे सुटं सामान. विकत घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: बियांची तपासणीची तारीख कोणती, बिया संकरित (दोन वेगळ्या वाणांच्या संकराच्या) आहेत की सरळ वाणाच्या, आणि पुस्तिका मराठीत व इथल्या हंगामाप्रमाणे आहे का. दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. संकरित झाडाचं बी ठेवलं तर पुढची पिढी मिसळ निघते, आणि बी ते बी हा फेरा तिथेच तुटतो.

सरळ वाणाच्या चवळीत तो तुटत नाही, कारण तिचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं. प्रत्येक गटाने आपल्या सर्वांत निरोगी झाडाला सुतळी बांधून त्याच्या शेंगा भाजीसाठी न तोडता झाडावरच वाळू द्याव्यात. शेंगा हलवल्यावर खुळखुळल्या की तोडाव्यात, सोलून दाणे तीन-चार दिवस सावलीत वाळवावेत. दाताखाली दाणा न दबता कटकन फुटला तर तो वाळलाय. चवळीला भुंगा लगेच लागतो आणि दाण्यांना गोल भोकं पडतात, म्हणून काचेच्या बरणीत मापाने दाण्यांइतकीच चाळलेली कोरडी राख मिसळून झाकण घट्ट लावावं. बरणीवर वाण, गटाचं नाव आणि काढणीचा महिना लिहावा. पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या वर्गाने त्यातले शंभर दाणे काढून फडक्यात गुंडाळावेत.